आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं की टीव्ही चार-साडेचार मिनिटांनी गोठतो

मालवणी_केबलवाला

नमस्कार मंडळी. तारकर्लीतल्या एका रिसॉर्टचं नेटवर्क मी बघतो. रिसेप्शनच्या मागे मुख्य स्विच, तिथून फायबरने दोन डबे, एक खाडीच्या अंगाला आणि एक सुरूच्या बनात. डब्यांतल्या स्विचमधून प्रत्येक कॉटेजच्या भिंतीतल्या ॲक्सेस पॉइंटला केबल जाते आणि टीव्ही त्याच्याच खालच्या पोर्टात. डिशचे ३० चॅनेल स्ट्रीमरमधून मल्टिकास्टने (एकच प्रवाह, मागेल त्या सगळ्यांना) येतात, एकेक साधारण ८ एमबीपीएस. त्याच तारांवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं, म्हणजे व्हीएलॅन, तीन: टीव्हीचं ३०, कॅमेऱ्यांचं ४०, पाहुण्यांच्या वायफायचं ५०.

जूनच्या तोंडावर वीज पडली आणि मुख्य स्विच गेला. नवा बसवून व्हीएलॅन होते तसे बांधले, आयजीएमपी स्नूपिंग (ज्या पोर्टवरून चॅनेल मागितला तिथेच तो सोडणं) चालू केलं. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता चॅनेल लावला की चित्र झकास, आणि चार-साडेचार मिनिटांत गोठतं. चॅनेल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. स्नूपिंग बंद केलं तर गोठत नाही, पण सगळ्या टीव्हींवर चौकोन फुटतात. दिवाळीचं बुकिंग भरलंय, मालक दिवसाला दहा फोन करतो. काय करूचा?

आणखी एक. ऑफिसच्या पीसीवरून कॅमेरे शोधणारं सॉफ्टवेअर एकही कॅमेरा दाखवत नाही. पिंग मात्र सगळ्यांना जातो.

रत्नांग्रीकर

घड्याळ लावून बघ, २६० सेकंदांच्या आसपास भरेल.

प्रत्येक चॅनेलचा एक मल्टिकास्ट पत्ता असतो, तो ग्रुप. टीव्ही चॅनेल लावताना "मला हा ग्रुप पाठवा" असा रिपोर्ट देतो. स्विच तो मधल्यामध्ये ऐकतो आणि त्या पोर्टची नोंद करतो. नंतर टीव्ही आपणहून बोलत नाही, कुणी विचारलं तरच सांगतो. विचारणारा तो क्वेरियर. नेहमीच्या सेटिंगला तो दर १२५ सेकंदांनी विचारतो, उत्तराला १० सेकंदांची मुदत. दोन फेऱ्यांचे १२५ दुणे २५०, वर १०. तेवढ्यात काहीच ऐकू आलं नाही की स्विच नोंद पुसतो आणि चॅनेल बंद. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो, तुझ्या व्हीएलॅन ३०मध्ये तो दिसत नाही. जळालेल्या स्विचवर कुणीतरी क्वेरियर चालू करून ठेवलेला असणार. नव्यावर स्नूपिंगबरोबर तो आपोआप चालू होतोच असं नाही.

मुख्य स्विचला व्हीएलॅन ३०मध्ये आयपी दे आणि तिथे क्वेरियर चालू कर. आयपी नसेल तर काही स्विच ०.०.०.० वरून विचारतात आणि काही उपकरणं त्याला उत्तर देत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती २ ठेव, टीव्हीला पुरते. डब्यांतल्या स्विचवर मात्र क्वेरियर नको. दोन क्वेरियर असले की ज्याचा आयपी लहान तो जिंकतो, आणि स्नूपिंग करणारा स्विच सगळेच ग्रुप क्वेरियरच्या दिशेने ढकलतो. डब्यातला जिंकला तर कुणी टीव्ही लावो न लावो, तिसाच्या तीस चॅनेल फायबरवरून खाडीकडे धावतील. स्ट्रीमर मुख्य स्विचला आहे, तर क्वेरियरही तिथेच.

स्नूपिंग बंद करा हा सल्ला नेटवर पोत्याने मिळतो. ३० गुणिले ८ म्हणजे २४० एमबीपीएस प्रत्येक टीव्हीच्या दारात, आणि टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक १००चं. चौकोन फुटणार नाहीत तर काय!

कॅमेऱ्यांचं वेगळं आहे. ते सॉफ्टवेअर २३९.२५५.२५५.२५० वर हाक मारतं, ती हाक व्हीएलॅनबाहेर जात नाही, आणि तुझा पीसी कॅमेऱ्यांच्या व्हीएलॅनमध्ये नसणार. पिंग राउटरमधून जातो, हाक नाही. कॅमेरे आयपी घालून जोडून टाक, शोधत बसू नकोस.

कुडाळ_फायबर

स्ट्रीमरमध्ये ग्रुपचे पत्ते काय दिलेत तेही बघा. २३९.०.०.१ पासून सुरू केले असतील तर बदला. मॅक ॲड्रेसमध्ये (स्विच ज्यावरून फ्रेम पाठवतो तो हार्डवेअरचा पत्ता) ग्रुपचे शेवटचे २३ बिटच उतरतात, त्यामुळे २३९.०.०.१ आणि २२४.०.०.१ एकाच मॅकवर येतात. २२४.०.०.x वरचं सगळं स्विच सगळीकडे पाठवतो. मॅक बघून स्नूपिंग करणारा स्विच असेल तर तुमचे चॅनेलही त्यातच जातील. २३९.१०.१०.x वगैरे ठेवा.

आणि एलएलडीपी चालू करा, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना आपली ओळख सांगतात. डब्यातली लेबलं खाऱ्या हवेने केव्हाच गेली असतील, कुठल्या पोर्टाला कुठलं कॉटेज ते अर्ध्या मिनिटात कळतं. फक्त पाहुण्याचा हात पोचेल अशा पोर्टवर बंद ठेवा, स्विचचं मॉडेल नि फर्मवेअर त्याला कशाला दाखवायचं?

मालवणी_केबलवाला

क्वेरियर लावला, गोठणं थांबलं! ग्रुपचे पत्तेही बदलले. चॅनेल पटापट बदलावेत म्हणून कॉटेजच्या पोर्टवर फास्ट लीव्ह चालू केलं. आता नवीनच. ७ नंबरमध्ये टीव्ही बंद केला की ८ नंबरचा अडकतो आणि एक-दोन मिनिटांत आपोआप सुरू होतो. तेसुद्धा दोघांनी एकच चॅनेल लावला असेल तरच. एलएलडीपीत त्या पोर्टवर दोन शेजारी दिसतात, ७ चा ॲक्सेस पॉइंट आणि ८ चाही.

रत्नांग्रीकर

मग मधे साधा स्विच आहे. एलएलडीपीची फ्रेम नियमाने पुढच्या स्विचवर थांबायला हवी, स्वस्तातले साधे स्विच ती तशीच पुढे सोडतात. म्हणून एका पोर्टवर दोन शेजारी. फास्ट लीव्ह म्हणजे "नको" ऐकलं की पोर्ट लगेच तोडायचं, मागे आणखी कोण बघतंय ते विचारायचं नाही. पुढची क्वेरी आली की ८ चा टीव्ही उत्तर देतो आणि सुरू होतो. त्या एका पोर्टवर फास्ट लीव्ह बंद कर.

मालवणी_केबलवाला

बरोबर. ७ नंबरच्या माळ्यावर ५ पोर्टचा स्विच आणि दोन पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे डबे) निघाले, वर पालीची अंडी. फास्ट लीव्ह बंद केलं, दोन्ही टीव्ही ठीक. ८ साठी वेगळी केबल ओढायचं मालकाच्या कानावर घातलंय. देव बरे करो.