मदत हवी आहे: सारौत्सच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला कधी आणि कुठे उतरावं?

चिंचबन:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस स्पेनमधल्या दोनोस्तियाला (सान सेबास्तियन) मुक्काम आहे. आम्ही दोघं, ११ वर्षांची लेक आणि सासूबाई. तिथून सारौत्सला जाऊन सर्फिंगचे दोन-तीन धडे घ्यायचा विचार आहे. आम्हा तिघांना पोहता येतं, सर्फिंग मात्र पहिल्यांदाच. दिवसाच्या कुठल्या वेळी जावं? एवढ्या लांब किनाऱ्यावर नेमकं कुठे? मुलीला पाणी गार पडेल का? त्याच किनारपट्टीवरच्या मुंदाकाचं नाव लाटांसाठी फार ऐकलंय, त्यापेक्षा तिकडेच जावं का? आणि सासूबाईंना वाळूत चालवत नाही, त्यांचा वेळ कसा जाईल?

खाडीकाठ:
ताई, वेळ घड्याळ बघून ठरवू नका, भरती-ओहोटी बघून ठरवा. सारौत्सला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बिस्केच्या उपसागरात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मुंबईसारखंच म्हणा. गोव्याच्या सवयीने गेलात तर फसाल, तिथे याच्या निम्माच फरक असतो.

गावाच्या बाजूला किनाऱ्याला लागून मालेकोन, म्हणजे फिरायचा बांधीव रस्ता आहे. उधाणाच्या पूर्ण भरतीला पाणी त्याच्या भिंतीपर्यंत येतं आणि वाळू जवळजवळ उरत नाही. भिंतीवर आपटून मागे फिरलेलं पाणी पुढच्या लाटेला मधेच भिडतं, त्यात शिकणाऱ्याचा बोर्ड नुसता हेलकावत राहतो. पूर्ण ओहोटीला उलटा त्रास. लाट उथळ पाण्यात एकदम कोसळते आणि बोर्डाचं नाक खाली खुपसतं. ओहोटी होऊन दीडेक तास झाला की उतरा, पुढचे दोन तास चढत्या पाण्यात मिळतील.

आता तिथीचा हिशेब. त्या किनाऱ्यावर उन्हाळी वेळेनुसार अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती संध्याकाळी पाच-सहाला येते, म्हणजे ओहोटी दुपारी अकरा-बाराला. पुढे रोज साधारण ५० मिनिटं सरकवत जा. अष्टमीच्या आसपास भरती दुपारी येते, पण ती भांगाची असते, पाणी फार चढत नाही आणि वाळू शिल्लक राहते. कोकणातल्या माणसाला हे गणित नवीन नाही, फक्त तास वेगळे. पक्की वेळ जवळच्या पासाइया बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघा. तुमचे दिवस संपाताला (दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला) लागून आहेत, तेव्हा त्यात अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी असेल.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळी सहसा जमिनीवरून वारा असतो किंवा पडलेला असतो, लाट गुळगुळीत येते. दुपारनंतर वायव्येचा वारा पाणी खवळवतो. दक्षिणेचा गरम वारा वाहतोय आणि ऊन चटकतंय अशा दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडे नजर ठेवा. तिथे गॅलेर्ना नावाचं अचानक येणारं वादळ असतं. वारा काही मिनिटांत फिरतो, तापमान दहा अंशांनी उतरू शकतं. आकाश त्या बाजूने काळवंडलं की लगेच बाहेर या.

वल्हं:
जागेबद्दल. दोनोस्तियाच्या अमारा स्थानकावरून एउस्कोत्रेन (तिथली स्थानिक रेल्वे) घ्या, पाऊण तास धरून चाला. किनाऱ्याच्या पूर्व टोकाला, इन्युरित्साच्या वाळूच्या टेकड्यांकडे जायचं असेल तर सान पेलायोला उतरा. गावाच्या बाजूला जायचं असेल तर पुढचं सारौत्स. टेकड्या संरक्षित आहेत, फळ्यांच्या वाटेवरूनच चाला, त्या गवताच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली आहे. पोहणाऱ्यांचा आणि सर्फिंगचा भाग हंगामात बावट्यांनी, बोयांनी वेगळा केलेला असतो. बोर्ड घेऊन पोहणाऱ्यांत शिरू नका, सर्वांत जास्त वाद त्यावरून होतात.

लाटांचा अंदाज वाचताना नुसती लाटेची उंची बघू नका, शेजारचे सेकंद, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, बघा. अर्धा ते एक मीटर आणि ८ ते १० सेकंद, हा तुमचा दिवस. दीड मीटर आणि १४ सेकंद असेल तर नवख्याने मालेकोनवर बसून बघावं. दोन लाटांत जितका वेळ जास्त, तितकं लाटेमागे पाणी जास्त.

मुंदाका मनातून काढून टाका. ओका नदीच्या मुखावर वाळूचा बांध आहे, त्यावर डावीकडे फुटणारी लांब, नळीसारखी पोकळ लाट हीच त्या जागेची ख्याती. प्रवाह जोरकस आणि लाटेवर बसायला जाणत्यांची रांग. २००३ मध्ये खाडीतला गाळ उपसला तेव्हा बांधाचा आकार बिघडून लाटच गेली होती, २००५ ची सर्फिंगची जागतिक स्पर्धा त्यामुळे रद्द झाली. बघायला जरूर जा. सारौत्सला लाट मोठी निघाली तर त्याऐवजी फ्रान्सच्या हद्दीतलं आंदाय गाठा. तिथला किनारा आडोशाचा असल्याने लाट बरीच लहान असते.

चिंचबन:
खूप आभार दोघांचेही! मुलीच्या सूटचं आणि बोर्डाचं कोणी सांगेल का?

शिंपलावाला:
सप्टेंबरात पाणी २० अंशांच्या आसपास असतं. तिला ३/२ चा पूर्ण बाह्यांचा वेटसूट (पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) पुरेल, म्हणजे धडाला ३ मिलिमीटर, हातापायांना २. चेन पाठीवर येते. घातल्यावर कमरेच्या मागे चिमटीत कापड धरून बघा. सहज धरता आलं तर सूट मोठा आहे, प्रत्येक लाटेला आत गार पाणी शिरेल आणि पोर अर्ध्या तासात कुडकुडेल. पाय अडकत असेल तर पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून सरकवा, मग पिशवी काढा.

बोर्ड मऊ फोमचाच. तिला सात फुटी, तुम्हाला आठ फुटी किंवा थोडा मोठा. दोरीचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला. पालथं पडताना पायाची बोटं बोर्डाच्या शेपटाशी यावीत. फार पुढे सरकलात तर नाक बुडतं, फार मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. पाण्यात चालताना बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरू नका, तो थेट तोंडावर येतो. बाजूला ठेवा, नाक लाटेकडे. पडताना डोकं खाली घालून सूर मारू नका, आडवे पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका.

सासूबाईंसाठी मालेकोनवर बाक आहेत, तिथून तुम्ही दिसत राहाल. कंटाळा आला तर बसने गेतारिया अगदी जवळ, तिथे फॅशन डिझायनर बालेन्सियागा यांच्या पोशाखांचं संग्रहालय आहे, त्यांचा जन्म त्याच गावचा.

खाडीकाठ:
एक राहिलं. ओहोटीच्या उथळ वाळूत वीव्हर नावाचा छोटा मासा पुरून बसतो, पाठीवरच्या काट्यात विष असतं. पाय पडला तर जळजळीत कळ येते. बर्फ लावू नका. काटा दिसत असेल तर काढा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० अंश किंवा थोडं वर, निदान अर्धा तास बुडवून ठेवा. उष्णतेने ते विष निकामी होतं. पाणी आधी मोठ्यांनी हाताने तपासून मगच लेकीचा पाय घाला, कळ इतकी असते की भाजतंय हे पोराला कळत नाही. सूज पसरली किंवा धाप लागली तर ११२.