मदत हवी आहे: चिकुनगुनियानंतर जीबीएस, सांधे सुजलेले असताना व्यायाम कसा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला राहतो. गणपतीच्या दिवसांत आईला (वय ६१, बीपीची गोळी चालू, शुगर नाही) चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण नंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना चढवेना, पाठोपाठ हातात कपही धरवेना. न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली तर पाय हललाच नाही. एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली, गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या नसांच्या आजाराचं निदान झालं. आयव्हीआयजीचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचा) पाच दिवसांचा कोर्स दिला. व्हेंटिलेटरची वेळ आली नाही, हे आमचं नशीब. आता ती घरी आहे, वॉकर धरून चार पावलं टाकते.

२०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली होती, त्यामुळे नातेवाईक घरी यायलाच घाबरतात. तिथे दूषित पाण्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. आईचं तसं नाही. डासांच्या विषाणूंनंतरही हा आजार होतो. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ च्या झिकाच्या साथीत असे रुग्ण एकदम वाढले होते. शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, त्यामुळे जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कृपया हे आपल्या ओळखीच्यांनाही सांगा. माणसं येणं बंद झाल्याचं आईला फार लागलंय.

खरी अडचण पुढेच आहे. नसांसाठी रोज व्यायाम हवा, पण चिकुनगुनियामुळे मनगटं आणि घोटे सकाळी इतके सुजलेले असतात की हात लावू देत नाही. पाऊल लोंबतं म्हणून स्प्लिंट दिलाय, तो नेमका सुजलेल्या घोट्यावर घासतो. सांध्यांचे डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देऊ म्हणतात. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, जीबीएसला त्याचा उपयोग नाही आणि जास्त दिवस घेतलं तर स्नायू आणखी अशक्त होतील. दोघांचंही पटतं, म्हणूनच निर्णय होत नाहीये.

घरात कुणाला हे दोन्ही एकदम झालं होतं का? व्यायाम सकाळी न घेता दुपारी, थोडा थोडा करून घेतला तर चालतो का? जास्त झाला तर दुसऱ्या दिवशी ती पार गळून जाते, मग किती पुरे हे कसं ओळखायचं? आणि नागपुरात दोन्ही डॉक्टरांशी बोलून एकत्र आखणी करणारं पुनर्वसन केंद्र माहीत असेल तर नक्की कळवा. रिपोर्ट हवे असतील तर नाव झाकून इथेच टाकते.