‘मीडिया सर्व्हरला विंडोज पुरतं’: खरंच पुरतं का?

कर्नलपंत

मदतीच्या धाग्यावर एका नवख्याने घरचा मीडिया सर्व्हर (सिनेमे साठवून टीव्हीवर पाठवणारा पीसी) कसा करायचा, असं विचारलं. जुनाटपेटी यांनी त्याला दिलेला सल्ला: “घरात पडलेला चौथ्या पिढीचा आय५ घ्या, आहे तेच विंडोज १० ठेवा, जेलीफिन (मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर) टाका, यूएसबी ड्राइव्ह लावा. लिनक्सचं लचांड फक्त मिरवायला लागतं.” तिथेच उत्तर दिलं असतं तर विचारणारा पळाला असता, म्हणून वेगळा धागा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदत घेतली तरी ती मुदतच. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागतं, म्हणजे या आय५ ला पुढचं दार अधिकृतपणे बंद. आडवाटेने टाकता येतं, ठाऊक आहे. पण नवख्याला आडवाट दाखवायची का?

त्याहून मोठा मुद्दा: चोवीस तास चालणारं यंत्र कुणी हात न लावता उठलं पाहिजे. विंडोजवर जेलीफिन साध्या पद्धतीने टाकलं की ते लॉगिन केलेल्या यूजरच्या नावाने चालतं. रात्री अपडेटसाठी पीसी रीस्टार्ट झाला की लॉगिनच्या पडद्यावर ढिम्म. अॅक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त अठरा तासांचे, उरलेले सहा तास तुमचे नाहीत. सर्व्हिस म्हणून टाकलं, तर यूजरने मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह तिला दिसत नाहीत. आणि यूएसबी ड्राइव्हचं अक्षर ई चं एफ झालं की सगळी लायब्ररी गायब.

त्यापेक्षा डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) नेटइन्स्टॉलने (नेटवरून उतरवत) टाका. डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा द्यायची सोय) ठेवा. ड्राइव्ह एफएसटॅबमध्ये (कुठली ड्राइव्ह कुठे जोडायची त्या यादीत) यूयूआयडीने (ड्राइव्हच्या ओळखक्रमांकाने) लावा, म्हणजे कुठल्याही पोर्टात खुपसली तरी जागा तीच. अनअटेंडेड अपग्रेड्स सुरक्षा अपडेट आपोआप लावतं, पण तुम्ही सांगितल्याशिवाय रीबूट करत नाही. तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट, वर दोन वर्षं एलटीएस (लांबवलेला सपोर्ट). यात मिरवायचं काय आहे?

जुनाटपेटी

पंत, वाक्य अर्धं तोडून आणलंत. “ज्याला टर्मिनल उघडायचंच नाही त्याच्यासाठी” हे गाळलं की माझा सल्ला मूर्खपणाचा दिसतो, हे बरोबर जमवलंत.

ड्राइव्हचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘एम’ करून टाकायचं, पुन्हा बदलत नाही. दोन मिनिटांचं काम. ऑटो लॉगिनही होतं. उलट तुमच्या एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसली तरी पुढे जा) लिहायला विसरलं आणि ड्राइव्ह लागली नाही, तर डेबियन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, एसएसएचही वर आलेलं नाही. ‘हात न लावता उठणारं यंत्र’ म्हणतात ते हेच ना?

आणि क्विकसिंक (इंटेलच्या चिपवरच व्हिडिओ बदलायची सोय)? विंडोजवर इंटेलचा ड्रायव्हर टाकला की जेलीफिनमध्ये फक्त पर्याय निवडायचा. तुमच्याकडे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) रेंडर डिव्हाइस (ग्राफिक्स चिप) आत पाठवा, रेंडर ग्रुपचा (ती वापरायची परवानगी असलेल्यांचा) आकडा होस्टवर (मूळ मशीनवर) शोधा, तो कंटेनरला द्या. ग्रुपचं नाव दिलं तर चालत नाही, कारण आतल्या ग्रुपचा आकडा वेगळा असतो. यावर नवखे डोकं आपटत असतात आणि तुम्ही “यात काय आहे” म्हणता.

कर्नलपंत

नोफेलचं मान्य. ते माझ्या पोस्टमध्ये असायला हवं होतं. त्याच्या पुढचा खड्डाही सांगतो, म्हणजे तुम्हाला शोधायला नको: नोफेलमुळे मशीन उठतं, पण ड्राइव्ह नसताना माउंट पॉइंट (ड्राइव्ह जिथे जोडली जाते ती जागा) साधा रिकामा फोल्डर असतो. रात्री कॉपी चालू असेल तर सगळं त्या फोल्डरात, म्हणजे ओएसच्या छोट्या एसएसडीवर जातं आणि ती तुंबते. उपाय: ड्राइव्ह काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅट्र आज्ञेने इम्म्युटेबल (बदलता न येणारं) करून ठेवायचं. ड्राइव्ह वर माउंट झाली की नेहमीसारखं लिहिता येतं, नसेल तर लिहिणं सरळ फसतं.

रेंडर ग्रुपचं म्हणाल तर डॉकरची सक्ती कोणी केली? जेलीफिनच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) थेट टाका. फक्त जेलीफिनचा यूजर रेंडर ग्रुपमध्ये आहे ना, ते एकदा पाहा.

चौथा_बे

दोघेही ड्राइव्हच्या अक्षरावर भांडताय आणि डेटाचं काय? ट्रूनॅस (साठवणीच्या सर्व्हरसाठीची ओएस) टाका. त्यातली झेडएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (बिघाड ओळखायचा आकडा) ठेवते, स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) फुकटात, सगळं ब्राउझरमधून. वीज मध्येच गेली तरी कॉपी-ऑन-राइटमुळे (जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिण्यामुळे) फाइल सिस्टिम अर्धवट राहत नाही.

कर्नलपंत

चौथा_बे, ज्याच्याकडे एक यूएसबी ड्राइव्ह आहे त्याला झेडएफएस? नाकापेक्षा मोती जड. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम, बूटसाठी अख्खी वेगळी डिस्क आणि सरळ साटावर लावलेल्या ड्राइव्ह हव्यात. यूएसबी डब्यातल्या ड्राइव्हचा पूल (झेडएफएसचा एकत्र साठा) करू नका, असं खुद्द त्यांचेच लोक सांगतात. अॅप्सची कुबर्नेटीसवरून (कंटेनर चालवायची दुसरी यंत्रणा) डॉकरवर उडी २०२४ च्या ऑक्टोबरात झाली, तेव्हा बाहेरच्या कॅटलॉगमधली अॅप्स लावलेल्यांना नव्याने मांडामांड करावी लागली.

सिनेमांच्या फाइल एकदा टाकल्या की बदलत नाहीत. त्यांना मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवणारं) आणि स्नॅपरेड (सिंक केलं की पॅरिटी, म्हणजे गेलेली डिस्क परत उभी करायची माहिती, लिहिणारं) पुरतं. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क चालतात, पॅरिटीची डिस्क फक्त सर्वांत मोठ्या डेटा डिस्कइतकी हवी. एक डिस्क गेली तरी बाकीच्या स्वतंत्रपणे वाचता येतात.

चौथा_बे

आणि शेवटच्या सिंकनंतर टाकलेलं सगळं उघड्यावर. तेही लिहा की. बाकी घरचे फोटो त्याच सर्व्हरवर जातात हे गृहीत धरा. ‘फक्त सिनेमे’ असा सर्व्हर सहा महिन्यांत कुणाकडेच राहत नाही.

यूपीएसवाली

अवांतर आहे, पण विजेचा विषय निघालाच आहे तर. कॉपी-ऑन-राइटने फाइल सिस्टिम वाचते, ड्राइव्हचं काय? दणकन वीज गेली की हेड घाईने मागे ओढलं जातं. स्मार्टमधली (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते त्यातली) १९२ क्रमांकाची नोंद पाहा, तो आकडा चढताना दिसेल. ओएस कुठलीही असो.

बाजारातल्या स्वस्त ६०० व्हीए यूपीएसना बहुधा यूएसबी पोर्टच नसतो. त्यामुळे वीज गेली हे ना विंडोजला कळतं, ना डेबियनच्या नटला (यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला). बॅटरी संपली की सर्व्हर मध्येच झोपतो.

जुनाटपेटी

घरात इन्व्हर्टर असतो हो. कशाला वेगळा यूपीएस?

यूपीएसवाली

इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे की ‘नॉर्मल’वर, ते आधी पाहा. नॉर्मलवर बदलायला लागणारा वेळ इतका असतो की डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) दम सोडतो, पीसी रीस्टार्ट. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आणि अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज ओढणं सुधारणाऱ्या सर्किटचा) एसएमपीएस यांचंही पटत नाही. अॅडॉप्टरवर चालणारा एन१०० चा (इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा) छोटा पीसी सहसा तग धरतो, कारण तो ओढतोच दहा-पंधरा वॅट.

वीज गेल्याचं सर्व्हरला कळवायची युक्ती: इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटात एखादा जुना राउटर लावा आणि केबलने मुख्य राउटरला जोडा. मुख्य राउटर मात्र इन्व्हर्टरवर हवा. सर्व्हरने दर ३० सेकंदांनी जुन्याला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) करायचं. सलग सहा वेळा उत्तर नाही आलं की शटडाउन. डेबियनवर ही दहा ओळींची स्क्रिप्ट.

जुनाटपेटी

विंडोजवरही टास्क शेड्युलरमध्ये होते. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू व्हा’ ठेवलं की झालं.

यूपीएसवाली

नाही झालं. इथेच सगळे फसतात. सर्व्हर स्वतःहून बंद झाला, पण इन्व्हर्टर चालूच होता. म्हणजे अॅडॉप्टरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, मग ‘आली’ कधी म्हणणार? बायोसची ती सेटिंग जागीच होत नाही, सर्व्हर बंदच राहतो. बंद होताना आरटीसीवेक या आज्ञेने दोन तासांनंतरचा गजर लावायचा. उठल्यावर जुना राउटर अजून गप्प असेल तर पुन्हा गजर लावून झोपायचं. बोर्ड पूर्ण बंद अवस्थेतून गजराने उठतो का, हे आधी पाच मिनिटांचा गजर लावून तपासा, सगळे उठत नाहीत. पूर्ण बंद विंडोजमधून हे कसं करता, ते सांगा, आनंदाने शिकेन.

जुनाटपेटी

बायोसमधला रोजचा ठरावीक वेळेचा गजर. ओएस लागतच नाही. घ्या.

यूपीएसवाली

चालेल. सकाळी दहाला वीज आली तरी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला उठेल. कुणाला घाई आहे म्हणा.

नुसताप्रेक्षक

मूळ मुद्द्यावर याल का? चौथ्या पिढीच्या आय५ च्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीच (फोर-के फाइलींचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार) नाही. दहा बिटचं एचईव्हीसी पूर्णपणे चिपवर सातव्या पिढीपासून. म्हणजे कुठलीही ओएस टाका, टीव्हीने फाइल थेट वाजवली नाही की सगळा भार प्रोसेसरवर आणि फोर-के अडखळणारच. त्यात कित्येक टीव्हींना डीटीएस प्रकारचा आवाज चालत नाही, तिथे निदान फक्त आवाज बदलावा लागतो. पण पीजीएस (चित्ररूपातले) सबटायटल व्हिडिओच्या चित्रात भाजायचे, म्हणजे कायमचे मिसळायचे झाले की अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड.

मराठी सबटायटलचं तर कुणी बोलतच नाही. डेस्कटॉपशिवायच्या डेबियनवर देवनागरी फॉन्टच नसतो. भाजलेल्या सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन येतात. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाकावा लागतो, डॉकर असेल तर कंटेनरच्या आत. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये नसेल तर फॉन्ट असूनही कचराच दिसणार.

जुनाटपेटी

विंडोजमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो. नोंद घ्यावी.

कर्नलपंत

नोंद घेतली. विंडोजला एक गुण. पण आय५ चा मुद्दा तुमच्याच सल्ल्यावर उलटतो. जुना पीसी ड्राइव्हसकट ४० वॅट धरला तर महिन्याला २८.८ युनिट, एन१०० चा डबा १० वॅटने ७.२. शिवाय त्यात एचईव्हीसी दहा बिट आणि एव्ही१ (आणखी एक व्हिडिओ प्रकार) चं डिकोडिंग चिपवरच.

जुनाटपेटी

म्हणजे आता नवा डबा विकत घ्या. ‘पडलेला पीसी’ हा शब्द कुणी वाचलाच नाही. ठीक आहे, विंडोज १० चं मागे घेतो, त्या पेटीवर तुमचं डेबियन टाकायला सांगतो. ड्राइव्ह मात्र एनटीएफएसच (विंडोजची फाइल सिस्टिम) राहील, पाहुण्यांच्या लॅपटॉपला लावता आली पाहिजे.

कर्नलपंत

राहू द्या. वीज गेली की त्यावर डर्टी बिट (‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण) बसेल आणि कर्नलचा एनटीएफएस३ ड्रायव्हर माउंट करायला नकार देईल. तेव्हा सीएचकेडीएसके (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवायला तोच पाहुण्यांचा लॅपटॉप मागून घ्या.