एवढा त्रास होतोय तर सोडून दे ना?

जोडीदाराच्या छळाबद्दल एका ताईंनी लिहिलेल्या पोस्टखाली असं दोघातिघांनी विचारलंय, म्हणून लिहिते. ताई, तुम्हाला त्याला सोडवत नाही यात तुमचा कमकुवतपणा नाही. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच हे मांडलं होतं: एकाच्या हातात सगळी सत्ता, छळ अधूनमधून आणि मध्ये मध्ये माया, अशा नात्यात ओढ उलट घट्ट होते. सतत वाईट वागणाऱ्याला सोडणं त्यामानाने सोपं. पण चार दिवस अबोला, टोमणे, आणि पाचव्या दिवशी तो रडत माफी मागतो, तेव्हा जीव भांड्यात पडतो. त्या सुटकेलाच आपण प्रेम समजतो.

माझी मावसबहीण अशाच नात्यात दोनदा परत गेली होती. मी तिच्यावर खूप चिडले, त्याचं आजही वाईट वाटतं. कारण मग ती आम्हाला काही सांगेनाशी झाली आणि तिला फक्त तोच उरला.

त्याने तुमच्या मैत्रिणी तोडल्यात असं तुम्ही लिहिलंय. आधी त्यातल्या एकीला फोन करा, आजच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोफत आहे. त्याने हात उचलला तर थेट १८१ ही महिला हेल्पलाइन लावा.