इस्लामिक बँकांचं सीएसआर आणि नफा, नक्की काय मोजायचं?

एमकॉम_सोलापूर
एमकॉमच्या प्रोजेक्टला विषय घेतलाय, इस्लामिक (म्हणजे व्याज न घेणाऱ्या-देणाऱ्या) बँकांनी सीएसआरवर, म्हणजे समाजासाठीच्या कामांवर, जास्त खर्च केला की नफा वाढतो का. मलेशिया आणि बांगलादेशच्या बँकांचे अॅन्युअल रिपोर्ट घेऊन बसलेय, जकात (संपत्तीतून द्यायचं सक्तीचं धार्मिक दान), देणग्या, स्कॉलरशिप, बिनव्याजी कर्ज असं सगळं एकत्र करून आरओएशी (मालमत्तेच्या तुलनेत नफा) लावून बघितलं तर संबंध एकदम पॉझिटिव्ह येतोय. गाइड म्हणतात छान आलंय, पण मला काहीतरी खटकतंय. यातलं कुणाला माहितीये का?

बहारीन_ऑडिटर
खटकतंय ते बरोबरच आहे. जकात म्हणजे वर्षाला अडीच टक्के, ती धंदा वाढला की वाढणारच, मग ती एका बाजूला आणि नफा दुसऱ्या बाजूला ठेवला तर संबंध येणार नाही तर काय! त्यातून सीएसआरमुळे नफा झाला हे सिद्ध होत नाही. आपल्याकडे कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या 2 टक्क्यांचं पण तेच आहे, नफा आधी आणि खर्च नंतर.

दुसरं म्हणजे हप्ता थकवणाऱ्याकडून घेतलेला दंड. तो बँकेला उत्पन्नात धरता येत नाही, दान करावाच लागतो (मलेशियात झालेल्या नुकसानीपुरती भरपाई ठेवता येते). व्याजातून चुकून आलेला पैसाही तसाच बाहेर काढावा लागतो. हा पैसा बँकेचा नव्हताच कधी, तो सीएसआरमध्ये का मोजायचा? आमच्याकडे आयोफीच्या (इस्लामिक बँकांचे हिशोबाचे नियम ठरवणारी संस्था) स्टँडर्डप्रमाणे जकात आणि दान फंडाचं वेगळं स्टेटमेंट असतं, पैसा आला कुठून ते तिथे कळतं. मलेशियन बँकांचं मात्र नोट्समध्ये शोधावं लागेल.

पूर्वेकडचा
मी तर म्हणेन देणग्या सोडा, पैसा कुणाला दिला ते बघा. इस्लामी बँक बांगलादेश 1983 ची, 1995 पासून त्यांची खेड्यांसाठी आरडीएस (रूरल डेव्हलपमेंट स्कीम) ही योजना आहे, छोट्या रकमा, घेणाऱ्या बहुतेक बायका. मला हे खरं सामाजिक काम वाटतं, रिपोर्टमधल्या चेक वाटपाच्या फोटोंपेक्षा कितीतरी मोठं. पण 2017 ला बँकेचा ताबा एका बड्या उद्योगसमूहाकडे गेला, त्यांच्याच लागेबांध्यातल्या कंपन्यांना अफाट पैसा गेला आणि ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेश बँकेने (तिथली मध्यवर्ती बँक) संचालक मंडळच बरखास्त केलं. म्हणजे गव्हर्नन्स सोडून नुसतं सीएसआर आणि आरओए बघितलं तर या बँकेचं काय झालं ते तुमच्या आकड्यांत दिसणारच नाही.

ठेवीदार_पुणे
अजून एक, मुदारबा खात्यात (व्याजाऐवजी नफ्यात वाटा देणारं ठेव खातं) ठेवीदार नफ्यातला वाटेकरी असतो. मग दान भागधारकांच्या वाट्यातून गेलं की ठेवीदारांच्या, हे पण बघा, कारण ठेवीदाराचा वाटा कमी झाला तर तो दुसऱ्या बँकेत जाईल आणि त्याचा फटका नफ्यालाच बसेल.

एमकॉम_सोलापूर
खूप खूप आभार सगळ्यांचे! जकात आणि दंडाचे पैसे काढून टाकते, आणि आधीच्या वर्षाचा खर्च पुढच्या वर्षाच्या नफ्याशी लावून बघते. @पूर्वेकडचा, आरडीएसची थकबाकी वेगळी दाखवतात का रिपोर्टमध्ये?