टॅकोमीटर निम्माच आरपीएम दाखवतोय, मदत हवी आहे

खडखडाट: गाडीला बाहेरून टॅको (इंजिनचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा मीटर) बसवलाय. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) काटा ४२५ च्या आसपास, गाडी कितीही ताणली तरी २५०० च्या वर जात नाही. इंजिन ठणठणीत आहे. मीटर बदलून आणला, तरी तेच. लवकर सांगा, उद्या गाडी लागणार आहे.

पाचवा_गिअर: किती सिलिंडर? पेट्रोल की डिझेल? सिग्नलची वायर कुठे जोडलीत? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

निवांत: आयडल एवढं खाली आलंय तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. माझ्या गाडीला लगेच फरक पडला.

खडखडाट: आयडल खाली आलेलं नाही हो! गाडीच्या कॉम्प्युटरला लावलेला स्कॅनर ८५० दाखवतो. पेट्रोल, ४ सिलिंडर, मीटरमागचा सिलिंडरचा स्विचही ४ वरच. वायर प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हला.

जुनं_इंजिन: स्विच ८ वर टाका. माझं काम तसंच झालं होतं.

पाचवा_गिअर: मग काटा अजून खाली जाईल. असा टॅको फेरे थेट मोजत नाही, कॉइलकडून येणारे पल्स मोजतो. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे फेऱ्यामागे ४ सिलिंडरला २ पल्स, ६ ला ३, ८ ला ४. स्विच ८ वर टाकला की ४ ने भागणार, ४२५ चे २१२ होतील.

जुनं_इंजिन: हिशोब कागदावर ठीक आहे. मी स्वतःच्या हाताने केलंय म्हणून सांगतोय.

पाचवा_गिअर: तुमचं इंजिन ८ सिलिंडरचं असेल तर बरोबरच केलंत. इथे ४ आहेत. खडखडाट, कॉइल किती आहेत ते बघा. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी आळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असेल तर एकच कॉइल सगळ्यांना पुरते आणि सगळे पल्स तिथे मिळतात.

खडखडाट: डिस्ट्रिब्युटर नाही. एक कॉइल पॅक, त्यातून प्लगला चार वायरी.

तांब्याची_तार: मग त्या पॅकमध्ये दोन कॉइल आहेत, याला वेस्टेड स्पार्क म्हणतात. एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळते आणि दर फेऱ्याला एकदा ठिणगी देते. तुम्ही एकाच कॉइलला जोडलंय, त्यामुळे २ च्या जागी १ पल्स मिळतो. म्हणून बरोबर निम्मं. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असती तर पावच दिसलं असतं.

खडखडाट: दोन्ही निगेटिव्ह एकत्र पिळून जोडू का?

तांब्याची_तार: अजिबात नको! एक कॉइल चालू झाली की दुसरीही ओढली जाईल, ठिणगी चुकीच्या वेळी पडेल. वायरिंग डायग्राममध्ये ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) टॅको आउटपुट आहे का बघा. नसेल तर दोन्ही कॉइलचे पल्स वेगळे ठेवून मीटरला देणारा डायोडवाला टॅको अ‍ॅडॉप्टर लावा.

तिघाडी: माझं इंजिन ३ सिलिंडरचं, स्विचवर ४, ६, ८ एवढेच आकडे. ४ वर ठेवलं तर?

पाचवा_गिअर: सगळे पल्स मिळत असतील तर पाऊणपट दाखवेल, ३००० ला २२५०. ३ ची सोय असलेलाच मीटर घ्या.

निवांत: थ्रॉटल बॉडी तरी एकदा बघाच.

खडखडाट: ईसीयूची वायर मिळाली. आयडलला ८५०, वरच्या आरपीएमलाही स्कॅनरशी जुळतंय. तांब्याची_तार, मनापासून आभार.

धूर: डिझेलला कॉइलच नसते, मग वायर कुठे जोडायची?

तांब्याची_तार: अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला) डब्ल्यू टर्मिनल, म्हणजे टॅकोला पल्स देणारं टोक, आहे का बघा. पण त्यासाठी मीटर डिझेलचाच हवा, सिलिंडरचा स्विच तिथे कामाचा नाही.