बंब आला तरी पाणी का नाही मारलं?
'टँकर गळत होता आणि फायर ब्रिगेडवाले लांब उभे राहून दुर्बिणीतून बघत बसले' असं वर कोणीतरी लिहिलंय, पण अहो ते टँकरवरची पाटी वाचत असतात, त्यावर केमिकलचा चार आकडी नंबर असतो, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, आणि त्या नंबरच्या वर, काय करायचं ते सांगणारा छोटा कोड असतो, त्यात शेवटी इंग्रजी ई (E) असेल तर आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करायचा. हे कळल्याशिवाय पाणी मारणं म्हणजे आगीत तेल ओतणं. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा फवारा चालतो कारण तो पाण्यात पटकन विरघळतो, पण क्लोरीनच्या गळतीच्या भोकावरच पाणी मारलं की ॲसिड तयार होऊन पत्रा खातं आणि भोक आणखी मोठं!

आणि क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, खाली साचतो, त्यामुळे तिथे वाकून व्हिडिओ काढणाऱ्यांनी जरा वाऱ्याची दिशा तरी बघावी.